यादीतली माणसं

दरोड्याला पाच माणसं लागतात. चौघांनी घरात घुसून मारहाण केली, ऐवज नेला, तर ती जबरी चोरी. पाचवा आला की दरोडा. धुळ्याच्या कोर्टात वकिलांकडे कारकुनी करायला लागलो तेव्हा जिभाऊंनी हे मला सगळ्यात आधी घोकायला लावलं. जिभाऊ म्हणजे ज्यांच्या टेबलाला टेबल लावून मी टाइप करायचो ते वकीलसाहेब. अर्धं देवपूर त्यांना याच नावाने हाक मारायचं. "३९५ म्हणजे दरोडा, ३९६ म्हणजे दरोड्यात खून. आणि ३९६ ची गोम काय?" ते विचारायचे. गोम ही की खून एकाने केला तरी फाशी सगळ्यांना होऊ शकते. कुऱ्हाड कुणाच्या हातात होती हे सिद्ध करायची सरकारी वकिलाला गरज नाही. तू त्या टोळीत होतास एवढं शाबीत झालं की बास. आता भारतीय न्याय संहितेत कलमाचा आकडा ३१० झालाय, आतला माल तोच आहे.

त्यामुळे अशा खटल्याचा सगळा भार एका प्रश्नावर येऊन पडतो. हा त्यात होता का? रात्रीची वेळ, कंदिलाचा नाहीतर बॅटरीचा उजेड, तोंडाला फडकी, आणि बघणारा मार खाऊन रक्तात पडलेला. तरी उत्तर द्यावंच लागतं, कारण गाव पेटलेलं असतं, पेपरवाले दारात असतात, आणि वरून साहेबाचा फोन आलेला असतो. अशा वेळी तपास कुठून सुरू होतो? घटनास्थळापासून, असं पुस्तकात लिहिलंय. मी इतकी वर्षं कागद टाइप केले त्यावरून सांगतो, बऱ्याचदा तो यादीपासून सुरू होतो. आणि ही यादी दरोड्याच्या आधीच तयार असते.

पांझरेच्या पलीकडे जुनं गाव, अलीकडे आम्ही देवपूरकर. आज वाडीभोकर रोडला दुकानांची रांग आहे, पण माझ्या तरुणपणी दत्त मंदिराच्या पुढे थोडं गेलं की प्लॉट पाडलेली मोकळी रानं लागायची. नकाणे रोडच्या बाजूला दिवाळीनंतर पालं पडायची. गाढवं, कोंबड्या, तीन दगडांच्या चुली, लोखंड ठोकणारे, जडीबुटीवाले, पाट्याला टाके घालणाऱ्या बाया. दिवसा आमच्या आया त्यांच्याकडून विळे शेवटून घ्यायच्या. रात्री मात्र त्याच पालांकडे बोट जायचं. चड्डी-बनियन टोळीच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा कॉलनीतल्या पोरांनी गस्त सुरू केली. मीही होतो, हातात काठी, गळ्यात शिट्टी. एका रात्री पालाकडून एक म्हातारा गाठोडं घेऊन येताना दिसला. आमच्यातल्या एकाने दरडावलं, "कोन शे रे?" म्हातारा जागच्या जागी बसला, गाठोडं सोडून समोर पसरलं आणि आम्ही पुढचं काही विचारायच्या आत म्हणाला, "नोंद करीसन उनू साहेब, ठाण्यात नोंद करीसन उनू." गाठोड्यात मुळ्या होत्या, एक फुटका आरसा होता आणि भाकरी. आम्ही काही पोलीस नव्हतो, विशी-पंचविशीतली पोरं. तरी त्या माणसाला पहिलं वाक्य कोणतं बोलायचं हे ठाऊक होतं. ते त्याने बापाकडून शिकलं असणार, आणि बापाने आज्याकडून.

त्या आज्यापर्यंत जायचं तर सन १८७१ गाठावं लागतं. त्या साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेकडे लावला, १९११ मध्ये सुधारून देशभर, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यालाही. कायद्याचं कलम सरळ होतं: सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या प्रत्येकाचं नाव रजिस्टरात चढणार, बोटांचे ठसे घेतले जाणार, हजेरी द्यावी लागणार, गाव सोडायचं तर पास लागणार. गुन्हा केलेला असो वा नसो. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाच्या आत वसाहती होत्या. बाहेर पालं टाकून फिरणाऱ्यांना गावोगावी पाटलाला सांगावं लागायचं, आम्ही आलो, एवढी माणसं, एवढी जनावरं. लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांनी आपापल्या आत्मकथनांत हे सगळं आतून लिहून ठेवलंय, त्यामुळे मी जास्त बोलत नाही.

आमच्या खानदेशाचा मासला मात्र जरा वेगळा आहे आणि तो सांगायला हवा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे पोलिटिकल एजंट म्हणून आला. धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं ते त्यानेच. त्या वेळी सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल नाईक गावांवर धाडी घालत होते. का घालत होते? पूर्वी घाट राखायचे, वाटसरूंना सुखरूप पोचवायचे आणि त्याबद्दल गावांकडून हक्क घ्यायचे. मधल्या धामधुमीत हक्क बुडाले, राखणदाराची रोजी गेली. इंग्रजांनी आधी पलटणी पाठवून पाहिल्या. डोंगरात त्या काय करणार? मग १८२५ मध्ये एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना जेम्स आउट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटला भिल्लांचीच पलटण उभारायला सांगितलं. तिचं ठाणं धरणगावला. ज्यांच्यावर दरोड्याचा आळ, त्यांनाच बंदूक आणि पगार. आउट्रम काही संत नव्हता, पुढे १८५७-५८ मध्ये याच मुलखात खाज्या नाईकाच्या भिल्लांवर इंग्रजी फौज चालून गेली, हेही तितकंच खरं. पण १८२५ मध्ये धुळे-धरणगावच्या कचेऱ्यांत एवढं तरी उमगलेलं दिसतं की धाड घालणं हा पोटाचा प्रश्न आहे. शेहेचाळीस वर्षांनी कायदा करणाऱ्यांनी तो रक्ताचा प्रश्न करून टाकला.

स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा रद्द झाला. म्हणून तर या जमातींना विमुक्त म्हणतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला, आणि ठाण्यातली रजिस्टरं काही कुणी पांझरेत सोडली नाहीत. एका ठाण्यातलं असं रजिस्टर मी जवळून पाहिलंय. कुठलं ते सांगत नाही. जाड पुठ्ठ्याचं, काळ्या पानांचं, लग्नाच्या अल्बमसारखं. पानावर चार-चार फोटो, छातीशी पाटी धरलेली माणसं. खाली नाव, बापाचं नाव, वय, जात, आणि शेवटी 'गुन्ह्याची पद्धत'. एका पानावर सख्खे भाऊ ओळीने. शेवटच्या रकान्यात एकाच हाताने लिहिलेलं 'वरीलप्रमाणे'. फिर्यादीला हे रजिस्टर दाखवतात. त्यात गैर काही नाही, तपासाची ती एक रीत आहे. पण जो त्या अल्बमात आहे त्याच्यावरच बोट पडू शकतं. जो नाही तो सुटला.

आता ज्या खटल्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो. घटना आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली, ५ जून २००३ च्या रात्रीची. पेरूच्या बागेतल्या एका झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर टोळी चालून आली. पाच जणांचा खून झाला. घरातल्या बाईवर आणि एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाले, ती मुलगी मेलेल्या पाचांत होती. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. याहून भयंकर गुन्ह्याचा कागद माझ्या हाताखालून गेलेला नाही, आणि हा कागद तर मी नंतर, निकालपत्र म्हणून वाचला.

पोलिसांनी सहा जणांना धरलं. सगळे शिंदे आडनावाचे, भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. पहिल्या आरोपीचं नाव अंकुश मारुती शिंदे, म्हणून कायद्याच्या पुस्तकात हा खटला त्याच नावाने ओळखला जातो. ओळख परेड झाली, वाचलेल्या साक्षीदारांनी त्यांना ओळखलं. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेपेवर आणलं. आरोपी अपिलात गेले, सरकारही गेलं, तिघांची फाशी कमी का केली म्हणून. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अरिजित पसायत आणि न्या. मुकुंदकम शर्मा यांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. पुन्हा सहाच्या सहा फाशीला.

इथे एक विलक्षण गोष्ट घडली. तो निकाल देताना न्यायालयाने १९९६ च्या रावजी खटल्याचा आधार घेतला होता. रावजीत म्हटलं होतं की शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नव्हे. शिंदेंचा निकाल लागून दोन आठवडेही झाले नव्हते. १३ मे २००९ रोजी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने, संतोषकुमार बरियारच्या खटल्यात, रावजीचा तो दंडक चुकीचा असल्याचं सांगितलं आणि त्यावर विसंबून दिलेल्या निकालांची यादी दिली. बच्चनसिंगच्या घटनापीठाने गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहा म्हणून सांगितलेलं असताना रावजीने ते डावललं, हे त्यांचं म्हणणं. शिंदेंचा निकालही रावजीवरच विसंबलेला होता.  २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहिलं की अशा चुकीच्या आधारावर फाशी झालेल्यांना फासावर चढवू नका. त्याच सुमारास आणखी एक बाब पुढे आली: अंकुश शिंदे घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. उच्च न्यायालयाने ज्या तिघांची फाशी कायम केली होती त्यांत तो होता.

तरी इथपर्यंतचा वाद शिक्षेचा होता. फाशी की जन्मठेप, एवढाच. हे त्यात होते का, हा जिभाऊंचा प्रश्न पुन्हा उघडला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि अपील नव्याने ऐकलं. ५ मार्च २०१९ ला न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं.

तो निकाल मी देवपुरातल्या घरी ओट्यावर बसून वाचला. एका परिच्छेदाशी थांबलो आणि तो पुन्हा वाचला. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, वाचलेल्या बाईला पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिने त्यांतून चार जणांवर बोट ठेवलं होतं. ते चौघे म्हणजे हे शिंदे नव्हेत. दुसरेच. त्या चौघांचं पुढे काय केलं, त्यांना बोलावलं का, तपासलं का, याचा काहीही पत्ता फाइलीत नाही. आणि ही फोटोंची गोष्ट बाहेरून शोधून आणावी लागली नव्हती, ती खटल्याच्या कागदांतच होती. नाशिकच्या कोर्टासमोर होती, उच्च न्यायालयासमोर होती, २००९ मध्ये दिल्लीतही होती. साक्षीदार बाईला दोष द्यावा असं यात काही नाही. तिने जे भोगलं ते भोगून तिने सांगितलं. ताजं असताना सांगितलेलं बाजूला ठेवलं आणि पुढे परेडमध्ये सांगितलेलं तेवढं धरलं, हे दुसऱ्यांनी केलं.

ओळख परेड कशी होते हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. जेलमध्ये, पोलीस बाहेर ठेवून, दंडाधिकाऱ्यासमोर होते. एका आरोपीमागे साधारण सारख्याच अंगकाठीचे सहा तरी डमी उभे करायचे. त्याआधी आरोपीला ठाण्यातून कोर्टात नेता-आणताना तोंडावर बुरखा टाकायचा, म्हणजे साक्षीदाराला तो आधीच दिसू नये. हे सगळं कागदावर बिनचूक असतं. पण डमी म्हणून जेलमधलेच कच्चे कैदी उभे करतात, आणि उन्हातान्हात दगड फोडणाऱ्याचा रापलेला चेहरा सहा पांढरपेशांत उभा केला तर काय होईल ते सांगायला नको. जिभाऊ उलटतपासणीत पहिला प्रश्न डमींच्या धंद्यांवर विचारायचे. परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांना तो आवडत नसे.

सर्वोच्च न्यायालयाने निकालात म्हटलं की हे लोक भटक्या जमातीतले, समाजाच्या तळातले, गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटं गोवल्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये सरकारने द्यावेत असा आदेश झाला. जबाबदार पोलीस अधिकारी कोण ते शोधून त्यांच्यावर कारवाई करा, असं राज्याच्या मुख्य सचिवांना सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. भागाकार ज्याने त्याने करावा.

हे वाचताना मला पुण्याचा १९७६-७७ चा काळ आठवला. मी तेव्हा शाळकरी, पण पुण्याचे पेपर धुळ्याला यायचे आणि आमच्या आया सांजवेळीच दाराला आडणा घालायच्या. आपल्याकडे घरात घुसून केलेल्या खुनांचं नाव काढलं की तेच खटले आठवतात. ३१ ऑक्टोबर १९७६ ला जोशी कुटुंबातले तिघे, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृतचे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह घरातली पाच माणसं. त्याआधी जानेवारीत प्रकाश हेगडे, आणि मार्च १९७७ मध्ये आरोपींच्या कॉलेजातल्या मित्राचा धाकटा भाऊ अनिल गोखले. एकूण दहा. आरोपी राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा, सगळे टिळक रोडच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. पाचवा सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला. सत्र न्यायाधीश वा. ना. बापट यांनी सप्टेंबर १९७८ मध्ये चौघांना फाशी सुनावली आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात ती दिली गेली.

जक्कल आणि त्याच्या साथीदारांचा फोटो कुठल्याही ठाण्याच्या काळ्या पानांवर नव्हता. त्यांचं नाव एकाच रजिस्टरात सापडलं असतं, कॉलेजच्या हजेरीच्या. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, चौदा महिने ते पुण्यात उजळ माथ्याने हिंडले. लोकांनी दार उघडलं ते समोर चांगल्या घरातली दिसणारी तरुण मुलं होती म्हणून. आमच्या गस्तीला ते रात्री अकराला भेटले असते तर आम्ही त्यांना चहा पाजून रस्ता दाखवला असता, याबद्दल मला बिलकूल शंका नाही.

आणि ज्यांना आम्ही पाजला नसता त्यांचं काय होतं ते १ जुलै २०१८ ला आमच्याच जिल्ह्यात दिसलं. साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे पाच जण, तिथे उतरले. पोरं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवा आधीपासून फिरत होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. मारणाऱ्यांत आदिवासी होते, ज्यांच्या पणज्यांना साहेब लोकांनी दरोडेखोर ठरवलं होतं. राईनपाड्याचं नाव निघालं की धुळ्यातले लोक व्हॉट्सॲपला शिव्या घालतात. मोबाईल नव्हता तेव्हा नकाणे रोडला काठी घेऊन उभा असलेला मी होतो, हे मी त्यांना सांगतो. ते विषय बदलतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जेलच्या नियमावल्यांतून विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार धरणारी कलमं रद्द केली आणि या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे पोलिसांनी पाहावं असंही बजावलं. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या एका प्रकरणात, केवळ मागास जमातीतला म्हणून कुणाची हिस्ट्रीशीट यांत्रिकपणे उघडू नका, असंही न्यायालयाने सांगितलं होतं. निकाल छान आहेत. खालपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे बार रूममधल्या टपालावरून मला माहीत आहे.

मी आता निवृत्त आहे, तरी लहान पूल ओलांडून सकाळी कोर्टाच्या आवारात चहाला जातो. नवीन कारकून मुलं फाइली घेऊन येतात, नाना, जरा बघा ना म्हणतात. दरोड्याची फाइल असली की मी त्यांना दोषारोपपत्र शेवटी वाचायला सांगतो. आधी घटना आणि अटक यांच्या मधले दिवस काढा. त्या दिवसांची स्टेशन डायरी, कुणाला कुठले फोटो दाखवले, त्याने कुणावर बोट ठेवलं, ते सगळं लेखी मागा. परवा एकाने विचारलं, "नाना, ते कागद मिळतीलच असं थोडंच आहे?" नाही मिळाले तर अर्ज द्यायचा, आणि अर्ज नामंजूर झाला तरी त्यावर तारखेसह कोर्टाचा शिक्का घेऊन फाइलीत लावायचा. नाशिकच्या फाइलीत ७ जूनचा तो कागद राहून गेला, म्हणून २०१९ मध्ये कुणाला तरी वाचायला मिळाला.